आधीच भरलेली कार्डं

प्रिय चिमणे,

उद्या तू रजेवरून येशील तेव्हा हे पाकीट तुझ्या टेबलावर, रक्तदाबाच्या यंत्राखाली असेल. रोज आठ तास आपण एकाच खोलीत बसतो आणि मी तुला पत्र लिहितेय, म्हणून तू हसशील. हस. पण तू समोर असलीस की मी तुझंच ऐकते, ही माझी जुनी खोड आहे. तू बोलायला लागलीस की माझी वाक्यं घशातच अडकतात आणि मग घरी भांडी घासताना एकेक करून वर येतात. म्हणून ह्या वेळी कागद पुढे घेतला. रविवारची दुपार आहे, घरात कुणी नाही, आणि कागद मध्ये बोलत नाही.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे वाचताना तुझा जीव टांगणीला राहणार नाही. गेल्या आठवड्यात शनिवारी तू घरी येऊन जो टाइप केलेला कागद ठेवून गेलीस, त्यावर मी सही केलेली नाही. करणारही नाही. गुरुवारी चौकशीची माणसं येतील तेव्हा तो त्यांना सहीशिवायच मिळेल. त्यावर एकच वाक्य आहे, माझं तोंडपाठ झालंय: 'कारखान्याच्या दवाखान्यातील नोंदींनुसार सदर महिला कामगाराने इंजेक्शनबाबत कधीही तक्रार केलेली नव्हती.' तू म्हणालीस, "अगं मास्तरीणबाई, ह्यात खोटं काय आहे? कार्डावर तेच तर लिहिलंय." खरं आहे. कार्डावर तेच लिहिलंय आणि ते मीच लिहिलंय. आणि 'सदर महिला कामगार' ही माझी धाकटी बहीण. तिला जाऊन सव्वातीन महिने झाले, आणि ही चौकशी तिच्याच मृत्यूची.

पुढचं सगळं तुला ठाऊक आहे, तरी मला ते एकदा ओळीनं मांडायचंय. गुरुवारी परक्या माणसांपुढे अडखळायला नको. तुझ्यापुढे सराव करते असं समज.

आपला कारखाना बिस्किटांचा. भट्टीवर पुरुष, पॅकिंगला बायका. पांढरी पँट, पांढरा कोट, डोक्याला जाळी, आणि दर लाइनला दोन बिल्ले. बाथरूमला जायचं तर खुंटीवरचा बिल्ला गळ्यात अडकवायचा, परत आलं की खुंटीवर. दोन्ही बिल्ले बाहेर असले तर तिसरीनं दम धरायचा. गोदामाच्या शेजारी आपला दवाखाना. एक पलंग, एक पडदा, तुझं टेबल, माझं टेबल, कार्डांचं कपाट. ज्यांना इतक्यात मूल नको अशा बायकांना महिन्याच्या पहिल्या बुधवारी तीन महिन्यांची सुई. एकशे अठरा बायका तीन गटांत वाटलेल्या, म्हणजे एका बुधवारी चाळीसेक. आणि वेळ जेवणाच्या सुट्टीचा, अर्धा तास.

सुरुवातीला आपण दोघी कशा घामाघूम व्हायचो, आठवतं? कार्डावर तारीख, वजन आणि शेवटच्या रकान्यात छापलेलं 'काही तक्रार?' मी विचारायचे, बाई सांगायची, मी लिहायचे. रांग दाराबाहेर जायची. मागच्या ओरडायच्या, "अहो मॅडम, डबा आज खायचा का उद्या?" दहा-बारा जणी राहून जायच्या नाहीतर उपाशी लाइनवर परतायच्या. मला वाईट वाटायचं. मग मला युक्ती सुचली. मंगळवारी दुपारीच उद्याची चाळीस कार्डं काढायची, तारीख घालायची आणि शेवटचा रकानाही भरून ठेवायचा. 'तक्रार नाही.' बहुतेक जणी तेच तर म्हणायच्या. कुणी काही सांगितलंच तर खोडून लिहायचं, असं आपलं ठरलं होतं. किती वेळा खोडलं ते मी कपाट उघडून पाहिलं. तीन वर्षांत चार वेळा.

त्या युक्तीनं रांग अशी पळायला लागली की वरच्या ऑफिसातून साहेब बघायला आले. तुझा हात आणि माझी कार्डं. बायका सुई घेऊन डबा खाऊन वर चहाही प्यायच्या. आपली पाठ थोपटली गेली. मग माझ्या वाढदिवसाला तू रंगीत कागदात गुंडाळून एक डबी आणलीस. आत रबरी शिक्का. तक्रार नाही. "तुझ्या बोटांना आराम," म्हणालीस. आपण किती हसलो होतो. मी पहिल्यांदा तो तुझ्या मनगटावर मारला होता.

मुळात ही माझी सवय शाळेपासूनची. तू विज्ञानाच्या तासाला बेडूक बघून बाकावर आडवी झालीस आणि तुझी प्रयोगवही मी लिहून दिली. पुढे तर मी दोघींच्या वह्या आदल्या दिवशीच लिहायचे. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. प्रयोग व्हायच्या आधी निरीक्षण तयार. मास्तर अक्षर बघून खूश. बेडकाला घाबरणारी तू नर्स झालीस आणि न बघता लिहिणारी मी दवाखान्यात कार्डं लिहायला बसले. कुणीतरी तेव्हाच माझा कान पिळायला हवा होता.

धाकटीला दवाखान्यात मीच आणलं. तिची मुलगी वर्षाची झाली होती, पॅकिंगला तिला मीच चिकटवलं होतं. नवरा ट्रकवर, कधी घरी येईल त्याचा नेम नाही. गोळ्या घ्यायला ती विसरायची. मी म्हटलं, सुई घे, सुई विसरता येत नाही. मी स्वतः अडीच वर्षं घेतली होती. माझं अकरा किलो वजन वाढलं, कपडे उसवून उसवून शिवण उरली नाही, आणि एक काळ असा होता की भाजी चिरताना कारण नसताना रडू यायचं. ह्यांना वाटायचं कांदा. बंद केल्यावर पाळी सुरू व्हायला दहा महिने लागले, त्या दहा महिन्यांत मी रोज घाबरत होते. ह्यातलं एक अक्षर माझ्या कार्डावर नाही. माझ्याही कार्डावर मीच लिहिलं होतं, तक्रार नाही. आणि धाकटीलाही मी ह्यातलं काही सांगितलं नाही. मला वाटलं, वजन वाढण्याचं काय एवढं, आणि रडण्याचं काय सांगायचं.

दुसऱ्या सुईनंतर तिला रक्त जायला लागलं. थोडं जायचं, थांबायचं, परत. ती घरी आली होती, मी भांडी विसळत होते, ती पुसत होती. म्हणाली, "ताई, हे थांबतच नाही गं." मी दुसऱ्या दिवशी तुला विचारलं. तू म्हणालीस, "होतं तसं. अंगवळणी पडेपर्यंत. दोन-तीन सुया जाऊ देत, बसेल." तू चूक बोलली नव्हतीस. पुष्कळ जणींचं तसंच होतं, बसतंही. मी तिला तेच सांगितलं. बसेल. तिनं मान डोलावली. आपल्या घरात मोठीचं ऐकायची पद्धत आहे, आणि मी नेहमीच ऐकण्यासारखं बोलते असा सगळ्यांचा समज.

तिसऱ्या सुईच्या बुधवारी ती रांगेत होती. सहावी-सातवी असेल. पुढे आली, बाही वर केली, आणि माझ्या टेबलावरचं तिचं कार्ड बघितलं. शिक्का आदल्या दिवशीच मारलेला. तिनं मान वाकडी करून वाचला आणि म्हणाली, "अगं, हे तर आधीच लिहिलंयस." मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, "मग काय, तुझ्यासाठी लाइन थांबवू का?" मागच्या बायका हसल्या. तूही हसलीस. धाकटीसुद्धा हसली. चिमणे, तिला काहीतरी सांगायचं होतं. तिचं तोंड उघडलं होतं. ते मिटताना मी बघितलं, आणि पुढचं कार्ड उचललं.

मग तिचं ते बिल्ल्याचं प्रकरण. दर तासाला बिल्ला. सुपरवायझर म्हणाला, "बाई, हार म्हणून घरीच घेऊन जा तो." तेव्हापासून लाइनवर तिचं नाव 'बिल्लेवाली' पडलं. पांढऱ्या पँटच्या आत ती दोन काळ्या पँट घालायची, भट्टीच्या उकाड्यात. एकदा मला म्हणाली, "ताई, हे आत गेलेलं उपसून काढता येत नाही का?" मी म्हटलं, वेडी आहेस का. पण तिनं विचारलं ते अगदी बरोबर होतं. गोळी असती तर त्याच दिवशी बंद केली असती. हे एकदा दंडात गेलं की तीन महिने अंगात ठाण मांडून बसतं, तुमचं पटो न पटो. हे सुई घेण्याआधी कुणीतरी बाईला सांगायला हवं. तू सांगितलं नाहीस, मी सांगितलं नाही, वेळ नव्हता.

तिनं चौथी घेतली, पाचवी घेतली. का घेतली, असं तिच्या नवऱ्यानं मला विचारलं. उत्तर सोपं आहे. मी म्हटलं होतं म्हणून. अर्ध्यात सोडलंस तर आतापर्यंतचं सगळं फुकट, असं मी म्हटलं होतं. त्याला काही आधार नव्हता. ते वाक्य मी कुठून आणलं ते मलाही माहीत नाही.

पाचव्या सुईनंतर पंधरा दिवसांनी ती लाइनवर कोसळली. मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कपाळावर पेन अडकवल्यासारखी एक आठी. त्यांनी विचारलं, "किती दिवसांपासून रक्त जातंय?" धाकटी डोळे मिटून पडली होती. म्हणाली, "ताईला विचारा. तिच्याकडे माझं कार्ड आहे." मी कार्ड बरोबर नेलं होतं, कागदपत्रांत मी कधी चुकत नाही. डॉक्टरीणबाईंनी ते वाचलं. पाच ओळी. मग मला दाखवलं. तारखेशेजारी वजन: अठ्ठावन्न, सत्तावन्न, चोपन्न, एक्कावन्न, सत्तेचाळीस. बाकीच्या बायकांची वजनं चढत होती, हिचं उतरत होतं. आणि प्रत्येक आकड्याशेजारी आपला शिक्का, सरळ रेषेत, कुठेही तिरका नाही. "ह्यांची काहीच तक्रार नव्हती?" त्यांनी विचारलं. आवाजही चढवला नाही त्यांनी. मी म्हटलं, "नव्हती." तिच्या पलंगाशेजारी उभी राहून मी तसं म्हटलं, चिमणे. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ होती. बरीच पुढे गेलेली. मी डॉक्टरीणबाईंना स्पष्ट विचारलं, सुईमुळे झालं का. त्या म्हणाल्या, तसं मी म्हणणार नाही. हा आजार वेगळा. पण नऊ-दहा महिने रक्त जात होतं, मधेमधे कंबर दुखत होती, वजन उतरत होतं, तेव्हा कुणीतरी एकदा आत तपासायला हवं होतं. सुईमुळे असेल म्हणून सगळे थांबले, आणि जे खरं होतं ते सुईच्या आड वाढत गेलं. त्यांनी हे मला दोनदा समजावलं. त्यामुळे मी गुरुवारी सुईनं माझी बहीण मारली असं म्हणणार नाही. तुला ती भीती असेल तर ती काढून टाक. जे झालं तेवढंच सांगणार.

त्यानंतर सात महिने. ते मी लिहीत नाही. तू डबे घेऊन यायचीस, धाकटीचे केस विंचरायचीस, ते मी विसरणार नाही. तू तिची पण बहीण होतीस. म्हणूनच शनिवारी तू तो कागद टेबलावर ठेवलास तेव्हा मला आधी कळलंच नाही की तू कुणाकडून आली आहेस.

ती गेल्यावर कामावर आले त्या पहिल्या आठवड्यातच माझं टेबल हलायला लागलं. खाली वाकून बघते तर पायाखालची कागदाची घडी सरकलेली. ती घडी म्हणजे औषधाच्या खोक्यातलं माहितीपत्रक. आपणच कधीतरी घालून ठेवलं होतं, अक्षर मुंगीएवढं, कोण वाचणार. मी भिंग आणलं आणि वाचलं. मासिक पाळी अनियमित होऊ शकते, पूर्ण बंद होऊ शकते. वजन, डोकेदुखी, मन खालावणं. हाडांतली ताकद कमी होऊ शकते, म्हणून दोन वर्षांनंतर चालू ठेवायचं का ह्याचा डॉक्टरांनी पुन्हा विचार करावा. बंद केल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात. आणि एक ओळ: कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल तर आधी तपासणी करावी, तोवर देऊ नये. देऊ नये, चिमणे. आपल्या टेबलाच्या पायाखाली तीन वर्षं लिहिलेलं होतं.

आता तुझं म्हणणं. तू म्हणालीस, "हे बाहेर गेलं की ते सुईच बंद करतील. मग त्या पोरी कुठे जातील? ती भट्टीमागच्या लाइनवरची, जिचा नवरा गोळ्यांचं पाकीट सापडलं तर तोंड फोडतो, तिचं काय?" मी ह्यावर आठ दिवस विचार केला. तू ते मला गप्प करायला म्हणालीस की मनापासून, हे मला ठरवता येत नाही, बहुधा दोन्ही. पण ती भट्टीमागची माझ्यासमोर मंगळवारी बसली होती. तिला मी विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, ह्या सुईनं माझा जीव वाचवलाय. पण डोकं असं दुखतं की भिंतीवर आपटावंसं वाटतं." मी दोन्ही वाक्यं लिहिली. एक लिहिलं म्हणून दुसरं पुसावं लागत नाही. सुई राहू दे. तिच्याबरोबर प्रश्नही राहू दे. बाईनं एकतर त्रास सोसावा नाहीतर मूल सोसावं, ह्या दोनच वाटा तिला देणारे आपण कोण?

तर हे तुला सांगायचं होतं. तू रजेवर गेलीस त्या सोमवारपासून मी कार्डं घेऊन जेवणाच्या हॉलमध्ये बसतेय. शिफ्ट सुटल्यावर कपडे बदलायच्या खोलीत बसतेय. एकेकीला विचारतेय आणि कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला तिच्याच शब्दांत लिहितेय. शुक्रवारपर्यंत एकाहत्तर झाल्या. पहिल्या दिवशी सगळ्यांचं एकच. मला बघून म्हणायच्या, "तक्रार नाही, मॅडम," शिक्क्यासारख्याच. आपण त्यांना पाठ करून ठेवलंय. मग खोके चिकटवणारी ती जाडी मावशी समोर येऊन बसली आणि म्हणाली, "लिहा. सुई घ्यायच्या आधी मी बारीक होते, ह्याला साक्षीदार आहेत." हॉल हसला आणि बांध फुटला. एक म्हणाली, आठ महिने पाळीच नाही, दर महिन्याला वाटतं राहिलं की काय, जीव मुठीत. तिच्या शेजारची म्हणाली, माझी घेऊन जा की, माझी जातच नाही. एकीनं सुई सोडून वर्ष झालं तरी दिवस राहत नाहीत, सासू म्हणते मशीन बिघडवलंस. एकीला नवऱ्याजवळ जावंसं वाटत नाही. हे तिनं माझ्या कानात सांगितलं आणि मी तिला विचारून लिहिलं. बावीस जणी म्हणाल्या, खरंच काही त्रास नाही, आणि मी तेही लिहिलं, पण ह्या वेळी विचारून. तिघींना रक्त जातंय, त्यातल्या एकीला वर्षापासून. तिला मी शुक्रवारी चालू शिफ्टमधूनच उठवलं आणि त्या आठी असलेल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बिल्ला घेतला नाही, परवानगी घेतली नाही. तिची तपासणी झाली. तिला दुसरं काही नाही. बाहेर आल्यावर ती रडली आणि मी तिला रागावले, का ते विचारू नकोस.

बुधवारी साहेब हॉलमध्ये आले. "मॅडम, हे काय चाललंय?" मी म्हटलं, विचारतेय. "कुणाच्या परवानगीनं?" मी कार्ड उलटं करून त्यांच्यापुढे धरलं. म्हटलं, साहेब, रकान्यात प्रश्नचिन्ह आहे. तुमच्याच कारखान्यानं छापलंय. बायका ऐकत होत्या, त्यामुळे मला थांबता येईना. ते म्हणाले, चौकशी झाल्यावर बघू. मी म्हटलं, बघा. सोळा वर्षांत मी त्यांच्यापुढे पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलले असेन. घरी येईपर्यंत भूक सडकून लागली होती. धाकटी गेल्यापासून पहिल्यांदा.

गुरुवारी मी काय बोलणार ते आता तुला माहीत आहे. 'नोंदींनुसार' म्हणणार नाही. नोंदी मी केल्या, न विचारता केल्या, आदल्या दिवशी केल्या, असं म्हणेन. माझ्या बहिणीनं तक्रार केली होती. मला केली होती, स्वयंपाकघरात, आणि मी ती आपल्या दवाखान्यात तोंडी पोचवली होती, असं म्हणेन. शिक्का कुठून आला विचारलं तर तेही सांगेन. तुझं नाव घेताना मला वाईट वाटेल, पण मी ते घेईन. माझी नोकरी जाईल, कदाचित तुझ्यावरही येईल. ते मला कळतं. साहेबांनी तुला त्यासाठीच पुढे केलं, त्यांना आपली मैत्री ठाऊक आहे. मला राग तुझा नाही आला. राग ह्याचा आला की त्यांना वाटलं, ही बाई मैत्रिणीसाठी सही करेल. सहा महिन्यांपूर्वी केली असती, म्हणून जास्तच राग आला.

एवढं तर मी तुला गुरुवारी सकाळी तोंडावरही सांगू शकले असते. पत्र लिहायचं कारण दुसरं आहे. शुक्रवारी कपाटातून बाकीची कार्डं काढताना तुझं हातात आलं. मी विसरलेच होते की तूही घेतेस, दुसऱ्या शिफ्टची सिस्टर तुला टोचते. अकरा सुया, अकरा शिक्के. त्यातल्या नवव्यावर मी बोट ठेवलं. ती तारीख मला आठवते. त्याच्या आठवडाभर आधी तू दवाखान्याच्या एवढ्याशा पायरीवरून घसरलीस आणि तुझं मनगट मोडलं. आपण म्हटलं, पडण्यासारखं काही नव्हतं, मोडलं कसं. तुझ्या प्लास्टरमधल्या हाताकडे बघत बघत मी तो शिक्का मारलाय. दोन वर्षं उलटून गेली होती, पण ती आपण मोजलीच नव्हती. आणि गेला हिवाळाभर तू पडद्यामागे जाऊन बसायचीस, बाहेर आलीस की नाक पुसत, मी म्हणायचे, सर्दी झाली वाटतं. आता मला काही ठरवायचं नाही. मनगट सुईमुळे मोडलं की पायरीमुळे, रडू कशाचं होतं, मला माहीत नाही, आणि माहीत नसताना लिहायचं मी सोडलंय. म्हणून तुझ्या कार्डाची मागची बाजू कोरी ठेवून ते ह्याच पाकिटात घातलंय. उद्या वाच, हवं तर माझ्यावर चिड, दोन दिवस बोलू नकोस. पण गुरुवारच्या आधी मला ते भरून दे, किंवा नुसती समोर बस, मी लिहिते. आणि सांगायचं नाही म्हणालीस, तर मी तसंही लिहीन की विचारलं, तिला सांगायचं नव्हतं. एवढी वर्षं मी तुझ्या शेजारी बसले आणि हे एकदाही विचारलं नाही, तर आता विचारते, चिमणे, तुला काय त्रास होतोय?

तुझीच,
मास्तरीण